इलेक्ट्रिकलमध्ये एम.टेक. करताय? मग डिसेंबरपासून उलटं मोजा

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की एम.टेक. दोन वर्षांचं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. जुलैच्या अखेरीला तुम्ही हॉस्टेलच्या खोलीत गादी टाकता आणि पुढच्या वर्षीच्या १ डिसेंबरला आयआयटीत प्लेसमेंट सुरू होतं. मध्ये सोळा महिने. पण बायोडेटा त्याच्याही आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात पक्का करून द्यावा लागतो. म्हणजे उरले तेरा. त्यातली दोन सेमिस्टर क्विझ, मिडसेम, असाइनमेंट आणि एन्डसेममध्ये संपतात. सलग, कुणी मध्ये लुडबुड करणार नाही असा वेळ एकदाच मिळतो : पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा, मे ते जुलैच्या मध्यापर्यंत. जेमतेम अडीच महिने.

पहिल्या मे महिन्यात तुमच्याकडे गाइड, विषय, चालू सिम्युलेशन आणि हार्डवेअरचे सुटे भाग असतील, तर पुढचं बरंच सुरळीत होतं. नसतील तर उन्हाळा 'विषय शोधतोय' म्हणण्यात जातो. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका तारखेवर नजर ठेवून.

मी मूळची लातूरकडची. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई., मग गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. माझ्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे माझी एक फजिती येणार आहे आणि त्यात संस्थेचा काही दोष नव्हता.

गेट : जेवढं कामाचं तेवढंच

गेटवर सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत, म्हणून थोडक्यात. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. इलेक्ट्रिकलच्या पेपरात १५ गुण ॲप्टिट्यूडचे आणि १३ गणिताचे. म्हणजे २८ गुणांसाठी मशीन, ट्रान्सफॉर्मर यांतलं काहीच यावं लागत नाही. तरी आपली पोरं सिंक्रोनस मशीनवर दोन महिने घालवतात आणि प्रॉबॅबिलिटी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मीही तेच केलं होतं.

एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना उणे गुण असतात : एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात अशा प्रश्नांना आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत, त्यामुळे ते कोरे सोडू नका. कॅसिओ कपाटात ठेवा. परीक्षेत पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माउसने चालवावा लागतो आणि लोड फ्लोचं गणित त्यावर करताना नवख्या माणसाचा घाम निघतो. सराव पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच करा.

स्कोअर म्हणजे गुण नव्हेत, हेही अनेकांना निकालाच्या दिवशी कळतं. पात्रतेच्या गुणांना ३५० स्कोअर मिळतो आणि अगदी वरच्या ०.१ टक्के किंवा १० उमेदवारांच्या (ज्यात माणसं जास्त ते) सरासरीला ९००. त्यांच्या मधले सगळे सरळ रेषेत. समजा पात्रता २६ गुणांवर आहे, वरची सरासरी ७८ आहे आणि तुम्हाला ५२ मिळाले. तुम्ही बरोबर मध्यावर, म्हणून स्कोअर ६२५. पेपर सोपा असो की अवघड, मागच्या वर्षीचे गुण आणि यंदाचे गुण यांची तुलना करत बसू नका, स्कोअरची करा. तो तीन वर्षं चालतो. एखादं वर्ष नोकरी करून मग प्रवेश घ्यायचा असेल तर ही सोय मोठी आहे.

दाखले आणि फॉर्म : इथेच माणसं अडकतात

परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये आणि आयआयटींचे फॉर्म लगेच मार्च-एप्रिलमध्ये. याच काळात मार्चएंड येतो आणि नॉन-क्रिमीलेअरचा घोळ होतो. आयआयटी, एनआयटी या केंद्राच्या संस्था आहेत. त्यांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, चालू आर्थिक वर्षातलं लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला वापरलेला राज्याचा कागद तिथे चालत नाही. एसईबीसीचं आरक्षण तर राज्यापुरतंच आहे, केंद्रीय संस्थेत त्या दाखल्याचा उपयोग नाही. एप्रिल उजाडला की पहिल्या आठवड्यात सेतू केंद्र गाठा आणि अर्ज देताना 'केंद्रासाठी' हे दोनदा सांगा. ईडब्ल्यूएसलाही हेच लागू.

दुसरा घोळ सीओएपी नावाच्या पोर्टलचा. तिथे नोंदणी केली म्हणजे आयआयटीत अर्ज झाला असं समजणारा एक तरी मुलगा दर वर्षी भेटतो. ते पोर्टल फक्त ऑफर दाखवण्यासाठी आणि स्वीकारण्यासाठी आहे. अर्ज प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर वेगळा करायचा, शुल्क वेगळं भरायचं, स्पेशलायझेशनचा क्रम वेगळा द्यायचा. ऑफर आली की तीन वाटा असतात. 'ॲक्सेप्ट अँड फ्रीझ' केलं की विषय संपला, पुढे कुठलीच ऑफर येणार नाही. 'रिटेन अँड वेट' म्हणजे ही हातात धरून पुढच्या फेरीत आणखी चांगल्याची वाट बघायची. 'रिजेक्ट अँड वेट' म्हणजे ही सोडली. मुदत थोड्या दिवसांची असते आणि उत्तर न दिल्यास ऑफर हातची जाते. त्या आठवड्यात गावाकडे लग्नाला जायचं असेल तर लॅपटॉप नेटसकट घेऊन जा.

एनआयटींसाठी सीसीएमटी ही वेगळी केंद्रीय फेरी असते. आपल्याकडचं नागपूरचं व्हीएनआयटी तिच्यातून मिळतं. सीओईपी, व्हीजेटीआय यांच्यासारख्या ठिकाणांसाठी राज्याच्या सीईटी सेलची प्रक्रिया. तिन्ही एकाच वेळी चालतात, म्हणून भिंतीवर कालनिर्णय लावा आणि तारखांवर पेनानं गोल करा.

कोणती शाखा : दिवसभर हातात काय असेल ते विचारा

आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागातच कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंग, कंट्रोल आणि कम्प्युटिंग, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर सिस्टिम्स, इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स, शिवाय चिप डिझाइन आणि सेमीकंडक्टर डिव्हायसेस अशा वाटा आहेत. 'स्कोप कशाला' हा प्रश्न सगळे विचारतात. तुम्ही वेगळा विचारा : मंगळवारी दुपारी तीन वाजता या शाखेतला माणूस काय करत असतो? पॉवर सिस्टिम्सवाला संगणकासमोर ग्रिडचं मॉडेल चालवत असतो. कंट्रोलवाला वहीत प्रमेयं सिद्ध करत असतो. चिपवाला लेआउटमधल्या चुका काढत असतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न असते आणि तोंडात शिवी. यातलं कुठलं चित्र बघून कंटाळा येत नाही, ते निवडा.

आता टीए की आरए. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट : दोन वर्षं, आठवड्याला आठेक तास बी.टेक.च्या लॅब सांभाळणं, पेपर तपासणं. आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट. आयआयटी मुंबईत तो तीन वर्षांचा असतो आणि लॅबची किंवा प्रोजेक्टची जबाबदारी अंगावर येते. 'एक वर्ष वाया' म्हणून मुलं आरए नाकारतात. माझं मत उलटं आहे. हार्डवेअर करायचं असेल तर आरएला दोन उन्हाळे मिळतात, टीएला एक. मुलाखत मात्र होते, आणि तिथे बी.ई.च्या प्रोजेक्टमधलं तुम्ही स्वतः काय केलं ते खोदून विचारतात. चौघांच्या ग्रुपमध्ये तुम्ही फक्त ब्लॅकबुक (प्रोजेक्टचा अहवाल) बांधून आणलं असेल तर आधीच विषयाची उजळणी करून जा.

पहिलं सेमिस्टर : गणिताची भीती

ग्रेडिंग बहुतेक ठिकाणी तुलनेनं होतं. वर्गात तुमच्या शेजारी बसलेला आयआयटीचाच बी.टेक. असतो, आणि पहिल्या क्विझला २० पैकी ४ पडले की वाटतं आपण इथले नाहीच. माझे तेवढेच पडले होते. इलाज साधा आहे : पहिल्या सेमिस्टरला गणिताचा एकच जड कोर्स घ्या, आणि प्रवेश नक्की झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे दीड-दोन महिने लिनियर अल्जिब्राला द्या. एनपीटीईएल या व्याख्यानांच्या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा पाया कच्चा असेल तर आयआयटी मुंबईच्या बी. जी. फर्नांडिस यांची व्याख्यानं तिथेच मिळतील.

आमच्या शाखेत ज्याच्यावाचून पान हलत नाही ती गोष्ट म्हणजे डीक्यू रूपांतर. आर. एच. पार्क यांनी ते १९२९ मध्ये सिंक्रोनस मशीनसाठी मांडलं. आज ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर असो की ईव्हीची मोटर, कंट्रोल बहुधा त्यावरच चालतो. कल्पना अशी : ५० हर्ट्‌झनं फिरणाऱ्या तीन फेजच्या लाटांसोबत तुम्हीही त्याच वेगानं फिरू लागलात, तर त्या लाटा तुम्हाला स्थिर दिसतात, डीसीसारख्या. आणि डीसीवर साधा पीआय कंट्रोलर चूक शून्यावर आणू शकतो. हे एकदा वहीत हातानं काढा, मॅट्लॅबचा तयार ब्लॉक वापरून नव्हे. कारण पुस्तकांत दोन पद्धती चालतात. एकात रूपांतराच्या पुढे २/३ असतं, दुसरीत वर्गमूळात २/३. पहिलीत व्होल्टेज-करंटची उंची तशीच राहते पण पॉवर काढताना ३/२ नं गुणावं लागतं. दुसरीत ते लागत नाही. एका पुस्तकातलं रूपांतर आणि दुसऱ्या पेपरातलं पॉवरचं सूत्र घेतलं की उत्तर दोन तृतीयांश येतं किंवा दीडपट. आमच्या लॅबमध्ये एकाचा एक अख्खा आठवडा यात गेला. सूत्र उचलताना ते कुठल्या पद्धतीचं आहे ते वहीत बाजूला लिहून ठेवा.

गाइड : सरांआधी त्यांची लॅब बघा

गाइड बहुतेक ठिकाणी पहिल्या सेमिस्टरमध्येच ठरतो, कधी कधी पहिल्या काही आठवड्यांत. संकेतस्थळावरचे पेपर वाचून फार काही कळत नाही. संध्याकाळी सहानंतर लॅबमध्ये जा. कोण बसलंय? टेबलावर चालू सेटअप आहे की धूळ? डिफरन्शियल प्रोब (अर्थला न बांधता दोन बिंदूंमधलं व्होल्टेज दाखवणारे) आणि करंट प्रोब किती, आणि त्यांच्यासाठी रांग किती? मागच्या बॅचचं हार्डवेअर अजून चालतंय का? पीएच.डी.च्या एखाद्या दादाला चहाला न्या आणि तीन गोष्टी विचारा : सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, एम.टेक.वाल्याला स्वतंत्र विषय मिळतो की दादाच्या थिसिसचा एक तुकडा, आणि वस्तू मागवल्यावर किती दिवसांत येते. दादाच्या थिसिसचा तुकडा मिळणं वाईट नाही, हे आधीच सांगते. चालू सेटअपवर उभं राहून केलेलं काम शून्यातून उभारलेल्या कामापेक्षा उन्हाळ्यात जास्त पुढे जातं.

सरांना मेल पाच ओळींचा लिहा. बी.ई.त काय केलं, कोणते कोर्स घेतलेत, त्यांच्या कोणत्या कामात रस आहे आणि भेटायला वेळ मिळेल का. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग' छापाचा मेल सरांना दिवसाला दहा येतात.

मार्चएंड

हा भाग कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. सरकारी संस्थेत खरेदी करायची म्हणजे कोटेशन, मंजुरी, जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, बिल असा प्रवास. मार्चमध्ये लेखा विभाग वर्षाची पुस्तकं बंद करण्यात बुडालेला असतो आणि एप्रिलमध्ये नव्या वर्षाचा निधी हळूहळू सुटतो. तुम्ही मार्चच्या मध्यात गेट ड्रायव्हर (स्विच चालू-बंद करणारी चिप) मागवलात तर तो कधीकधी जूनमध्ये हातात पडतो, म्हणजे उन्हाळा अर्धा झाल्यावर. म्हणून डिसेंबरपर्यंत विषय, जानेवारीत सिम्युलेशन आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वस्तूंची यादी. यादीत मॉसफेट किंवा आयजीबीटी हे इलेक्ट्रॉनिक स्विच दोन लागत असतील तर दहा लिहा. ते जळणारच आहेत. पीसीबी कीकॅडमध्ये काढा, ते फुकट आहे. पहिल्या बोर्डात चूक निघणारच हे धरून दुसऱ्या बोर्डाचा वेळ आधीच बाजूला ठेवा.

लॅबचा पहिला महिना

आता फजिती. माझा हाफ-ब्रिज होता, म्हणजे एकावर एक दोन स्विचचं सर्किट. डिमरस्टॅटमधून व्होल्टेज वाढवत न्यायचं, पुढे डायोडचा ब्रिज, कपॅसिटर आणि मग दोन मॉसफेट. सगळं कमी व्होल्टेजवर, बेंच सप्लायवर नीट चाललं होतं. म्हटलं आता मेन्सवर न्यावं आणि वरच्या मॉसफेटची गेट पल्स बघावी. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचं टोक गेटला लावलं, काळी क्लिप सोर्सला, आणि डिमरस्टॅट फिरवला. फाट्‌कन आवाज झाला, लॅबचा एमसीबी पडला, अंधार झाला. करपलेल्या प्लास्टिकचा वास आला. मॉसफेटच्या काळ्या अंगाला भोक, आणि प्रोबच्या क्लिपचं टोक वितळून थेंबासारखं गोल झालेलं.

लॅबचे मामा टॉर्च घेऊन आले. त्यांनी मॉसफेटकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ताई, क्लिप कुठं लावली होती?"

ती काळी क्लिप स्कोपच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि स्कोपचं अंग तीन पिनच्या वायरीतून थेट अर्थला. ती जिथे लावाल, ती जागा तुम्ही अर्थला बांधून टाकता. माझ्या सर्किटमधला तो बिंदू मेन्सशी जोडलेला होता, कारण डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. तो व्होल्टेज कमी-जास्त करतो, मेन्सपासून तोडत नाही. हे बी.ई.च्या तोंडी परीक्षेत मी घडाघडा सांगितलं होतं. हाताला मात्र ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम असा. डिमरस्टॅटच्या आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, नेहमी. वरच्या स्विचचं काहीही बघायचं असेल तर डिफरन्शियल प्रोब. तो नसेल तर दोन साध्या प्रोबनं दोन चॅनल घेऊन स्कोपमध्येच वजाबाकी करायची, आणि दोन्ही काळ्या क्लिपा मोकळ्या सोडायच्या. प्रोबचं कमाल व्होल्टेज आधी तपासून घ्यायचं. काही जण स्कोपची अर्थ पिन कापतात किंवा टेप लावून झाकतात. तसा स्कोप दिसला तर हात लावू नका. मग स्कोपचं आख्खं अंगच तुमच्या सर्किटच्या व्होल्टेजवर असतं आणि बटण दाबायला जाणारं बोट तुमचं असतं.

पहिल्यांदा पॉवर देताना मालिकेत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. टीव्ही दुरुस्त करणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि मॉसफेट वाचला.

आणि कपॅसिटर. २३० व्होल्टच्या मेन्सचं शिखर ३२५ व्होल्टचं. तेवढ्यावर भरलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे २५ ज्यूल साठतात. स्विच बंद केल्यावरही ते तिथेच असतात. त्याच्या दोन टोकांना ४७ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा. टाइम कॉन्स्टंट २२ सेकंद येतो, म्हणजे दोन मिनिटांत कपॅसिटर रिकामा. तरी हात घालण्यापूर्वी मल्टिमीटर लावायचाच, कारण रेझिस्टरचं सोल्डर सुटलेलंही असू शकतं. रात्री एकट्यानं मेन्सवर काम करायचं नाही. कितीही डेडलाइन असो.

पैसा

गेट पात्र विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, ते २४ महिने. मेस, चहा आणि गावाकडच्या फेऱ्या त्यात भागतात, फार काही उरत नाही. एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजात असाल तर आधार जोडलेलं, एकट्याच्या नावाचं साधं बचत खातं लागतं, आणि पहिले हप्ते उशिरा येऊ शकतात. दोन-तीन महिन्यांची सोय घरून करून ठेवा. पीएच.डी.कडे वळायचा विचार असेल तर जेआरएफ या फेलोशिपचे दर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहेत, हे घरी सांगायला बरं पडतं.

दुसरं वर्ष

उन्हाळा वाचला असेल तर ऑगस्टमध्ये तुमच्याकडे एक तरी हार्डवेअरची वेव्हफॉर्म असते. ती बायोडेटावर एका ओळीत जाते, पण मुलाखतीत अर्धा तास तिच्यावरच जातो. 'स्विचिंग फ्रीक्वेन्सी एवढीच का?', 'डेड टाइम किती ठेवला, कमी केला तर काय होईल?', 'इंडक्टर कुठल्या कोअरवर गुंडाळला?' असे प्रश्न येतात. 'सरांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर एकदा दिलंत की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो.

स्कोपवरचं चित्र मोबाइलवर काढून थांबू नका. आकडे सीएसव्हीमध्ये घ्या आणि फाइलच्या नावात तारीख, व्होल्टेज, लोड लिहा. थिसिस लिहिताना, वर्षभरानंतर, 'न्यू_फायनल_२' मध्ये काय आहे हे कुणालाच आठवत नाही. पेपर पाठवायचा असेल तर भारतात दर दोन वर्षांनी होणारी पेडेस ही परिषद आमच्या शाखेसाठी चांगली आहे. ती तुमच्या दुसऱ्या वर्षात येते का ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा, आणि येत असेल तर पेपरची मुदत कॅलेंडरवर टाका. थिसिसचा पहिला मसुदा मार्चमध्ये गाइडच्या हातात पडायला हवा. सर वाचायला महिना घेतात, हे गृहीतच धरा.

शेवटी नो-ड्यूज. ग्रंथालय, हॉस्टेल, जिमखाना, लॅब अशा सगळ्या सह्या झाल्याशिवाय पदवी अडकते, आणि ट्रेनचं तिकीट त्याच दिवसाचं असतं. आठवडाभर आधी फिरायला लागा. मी गेले तेव्हा मामांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत माझ्या नावापर्यंत आले आणि थांबले. दीड वर्षापूर्वीची नोंद होती : 'प्रोब १, क्लिप जळाली.' सही करण्याआधी त्यांनी मला लॅमिंग्टन रोडवर पाठवून नवी क्लिप आणायला लावली.